एकतिसावी सही

चोकचेरी लेक
९ सप्टेंबर १९९६

जोसेट,

एकोणतीस वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. तेव्हा खुशाली विचारण्याचं नाटक दोघींनाही शोभणार नाही. कामाचं लिहिते.

बंद झालेल्या थॉर्नटन शाळेच्या जागेवर आपल्या जमातीची राखीव जमीन, रिझर्व्ह, होऊ नये म्हणून तुमच्या गल्ल्यांमधल्या लोकांनी ब्रॉडफर्डच्या नगर परिषदेला निवेदन दिलं आहे. त्याची प्रत माझ्या टेबलावर आहे. दोनशे बारा सह्या. एकतिसावी तुझी. जोसेट ह्नातिव, चौदावी गल्ली. सख्ख्या बहिणीचं नाव विरोधकांच्या यादीत वाचायला कसं वाटतं, ते सांगत बसत नाही.

बाकीच्या दोनशे अकरा जणांचं मला काही वाटत नाही. त्यांच्या मते आपण तिथं जुगाराचा अड्डा काढणार, पोलिसांना फाटकाशी अडवणार आणि पाण्याचं बिल बुडवणार. त्या प्रत्येकाला माझ्याकडे कागदावर उत्तर आहे. पाणी, आगीचा बंब, रस्त्यावरचा बर्फ काढणं यांसाठी इतर लोक घरपट्टी भरतात तेवढीच रक्कम आपण शहराला देणार, बांधकामाचे त्यांचे नियम पाळणार. तसा करार तयार आहे. शहराच्या बाजूनं नियोजन खात्याचे गॉर्डन फ्रीसन आणि आपल्या बाजूनं मी, असे आम्ही चौदा महिने समोरासमोर बसून एकेका वाक्यावर भांडलो. सुरुवातीला ते मला फार अदबीनं मॅडम म्हणायचे. आता दारातूनच विचारतात, मिस लेडू, आज कुठल्या कलमावर मार खायचाय मी? भला माणूस आहे.

पण तुझ्या सहीला माझ्याकडे उत्तर नाही. परिषदेत मतं अकरा. पाच आपल्या बाजूनं, पाच विरुद्ध, आणि मिसेस डनलॉप मध्ये. त्यांना मी भेटले तर त्या म्हणाल्या, "तुमच्याच जमातीची एक बाई समोर राहते, तिलाच हे नको आहे. मग मी कोणत्या तोंडानं हो म्हणू?" वर्तमानपत्रानंही तुझंच नाव छापलं. क्रॉल नावाचा तो सह्या गोळा करणारा गृहस्थ जाईल तिथं तुझं नाव सांगत फिरतो.

सुनावणी आणि मतदान अठरा नोव्हेंबरला आहे. शाळा-मंडळानं जागा आपल्यासाठी डिसेंबरअखेरपर्यंतच राखली आहे. करार फेटाळला गेला तर ती मोटारींच्या दुकानाला जाईल. आणि ही काही खैरात नाही हे तुला ठाऊक आहे. १८७६ च्या तहात कबूल केलेली जमीन आपल्याला पुरी कधी मोजून दिलीच नाही. आजोबा त्याच विषयावर बोलत बोलत गेले. ती तूट भरायला सरकारनं आता कुठं पैसे दिलेत, आणि त्यातून आपण ही जागा घेतो आहोत. शहराच्या मधोमध. आपली पोरं कामाला, शिकायला जातात तिथं.

तू सही मागं घे. सोबत तंबाखू पाठवली आहे. मागायची रीत मला कळते.

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
२४ सप्टेंबर

जोसेट,

तंबाखूची पुडी परत आली. पत्र मात्र आलं नाही, म्हणजे ते तू ठेवून घेतलंस असं मी धरते.

मला राग आला होता. ती पुडी घेऊन मी मोशुम एडविनकडे, साऱ्या गावाच्या त्या आजोबांकडे गेले. हो, आहेत अजून, नव्वदीला टेकलेत आणि कान शाबूत आहेत. म्हटलं, बघा तुमची लाडकी, तंबाखूसुद्धा परत करते. त्यांनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली, तिच्यावरचे टपालाचे शिक्के पाहिले आणि इतके हसले की त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं.

म्हणाले, "पोस्टानं पाठवलीस? मग मागितलं कुणी, पोस्टमननं? तिला काही करायचं झालं तर ती त्याच्यासाठी करेल."

मी म्हटलं, दोनशे किलोमीटर आहे, मला कामं आहेत. ते म्हणाले, "म्हणून तर हातात द्यायची असते. समोरच्याला तुझा हात दिसायला नको? तो थरथरतोय का, हे बघूनच तो घ्यायची की नाही ते ठरवतो. तू तर हुकूम पाठवलास."

मी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना आपल्या रीतींचे धडे लिहून दिले. त्यात तंबाखूचाही धडा होता. आणि ही चूक मीच केली. कबूल करते. जास्त कबूल करणार नाही.

सहा तारखेच्या रविवारी येते आहे. घरी राहायचं नसेल तर राहू नकोस.

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
७ ऑक्टोबर

जोसेट,

तू दार उघडलंस. त्याबद्दल आभार मानायचे ठरवले होते, पण तू उघडून लगेच वळलीस आणि आत निघून गेलीस, तेव्हा कुणाचे मानू?

काल जे बोलणं झालं ते लिहून ठेवते. एक तर मला इतिवृत्त लिहायची सवय आहे. दुसरं म्हणजे परतीच्या वाटेवर गाडीत मी तेच ऐकत होते, रेडिओ लावूनसुद्धा.

मी तंबाखू पुढं केली. तू म्हणालीस, "ठेव तिथं टेबलावर. मी घेतलेली नाही, लक्षात ठेव." मी ठेवली. मग मी तुला कराराची कलमं समजावायला लागले आणि तू मला चौथ्या कलमावर थांबवलंस. कपाटाच्या वरच्या खणातून बिस्किटांचा डबा काढलास, त्यातून एक कागद काढलास आणि माझ्यापुढं ठेवलास. मी तो वाचला नाही. त्यात काय आहे ते मला माहीत होतं.

तू म्हणालीस, "वाचत का नाहीस? जोसेट ह्नातिव हिनं बिगर-जमातीच्या माणसाशी लग्न केल्यामुळे तिचा हक्क संपला आहे, सबब तिनं व तिच्या मुलीनं चोकचेरी लेकच्या कोणत्याही जमिनीवर राहू नये व पाऊल ठेवू नये. कोणत्याही. सदुसष्ट सालचा आहे. रद्द झालाय का हा?"

मी म्हटलं, पंच्याऐंशी साली कायदा बदलला, तुझं नाव जमातीच्या यादीत परत आलं.

"नाव परत आलं. कागद कुणी परत घेतला?"

मग तू खिडकीशी गेलीस आणि शाळेच्या आवाराकडं बोट केलंस. "तिथून मी रोज बस-थांब्यावर जाते. एकोणीस वर्षं त्या शाळेच्या फरश्या पुसल्यात मी. मुलांच्या ओकाऱ्या काढल्यात. उद्या ती जागा तुमची जमीन झाली की मी थांब्यापर्यंत काय उडत जाऊ?"

मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस, तुला कोण अडवणार आहे?

"मागच्या खेपेलाही आई हेच म्हणाली होती. कोण अडवणार आहे? मी रिझर्व्ह सोडून आले, अ‍ॅडी. आता रिझर्व्हच माझ्या मागं शहरात आलंय, मला हाकलायला."

चहा तू दिला नाहीस. मी मागितलाही नाही. बेरीची ती बरणी मात्र तू जाताना हातात कोंबलीस आणि म्हणालीस, गाडीत सांडू नकोस. सांडली नाही.

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
१६ ऑक्टोबर

निसीमिस,

हा शब्द लिहून खोडणार होते. राहू दे. धाकट्या भावंडाला दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

तीन दिवस कचेरीच्या तळघरात होते. जुन्या नस्त्या पाणी शिरून चिकटल्या आहेत, पण ठरावांची वही धड आहे. तू म्हणालीस ते खरं आहे. तुझा ठराव रद्द झालेला नाही. कुणी कधी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. कायदा बदलला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बॅनकच्या भाकऱ्या भाजल्या, नाच केला आणि वही तळघरात ठेवली.

आणि तू एकटी नाहीस. बाहेर लग्न केल्याबद्दल काढून टाकलेल्या बायकांचे असे सदतीस ठराव त्या वहीत आहेत. अकरा जणी आता हयात नाहीत. दोघींना इथल्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, ती नोंदही सापडली. भाऊ मात्र कुठल्याही बाईशी लग्न करून आले की त्यांना घर मिळायचं आणि त्यांच्या गोऱ्या बायकोचंही नाव यादीत चढायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एका वहीत, एकाखाली एक, असं पाहिलं नव्हतं.

वहीतलं अक्षर माझं आहे. शाळा सुटल्यावर तेव्हा मी जमातीच्या मंडळाचं कारकुनी काम करत असे, ते तुला आठवत असेल. तुझा ठराव कुणी मांडला हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही. तेव्हा तशी पद्धत नव्हती.

सोमवारी मी हा विषय मंडळापुढं ठेवते आहे.

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
३० ऑक्टोबर

निसीमिस,

ठेवला. नाही म्हणाले.

चीफ आता हर्ब मस्कवा आहे. तू त्याला लंगोटात पाहिलं असशील. वाईट मुलगा नाही, पण निवडणूक आली की त्याला घाम फुटतो, आणि निवडणूक मार्चमध्ये आहे. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग म्हणाला, "मावशी, एक ठराव मागं घेतला की सदतीस घ्यावे लागतील. मग त्यांची मुलं येतील, नातवंडं येतील, घरं मागतील. घरांसाठी रांग किती आहे ते माहितीये ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "माहितीये. ती यादी मीच लिहिते. सदतीसच मागं घे."

"आधी शाळेचं काम होऊ द्या. मग बघू शांतपणे."

शांतपणे म्हणजे कधीच नाही, हे मी अशा टेबलांवर बसून बसून शिकले आहे. शहरातल्या दोनशे बारा लोकांना आपण सांगतो आहोत की घाबरू नका, आम्ही कुणाला हाकलणार नाही, आमचं फाटक उघडं राहील. आणि आपल्याच बायकांना हाकलल्याचे कागद आपल्या तळघरात जिवंत आहेत. असं असताना मी नगर परिषदेसमोर उभी राहून खोटं बोलणार नाही. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं.

करारावर जमातीची प्रतिनिधी म्हणून माझी सही लागते. ती मी केलेली नाही. मूळ प्रत मी टेबलावरून उचलली आणि पिशवीत घातली. हर्ब म्हणाला, मावशी, हे बरोबर नाही. मी म्हटलं, "मग पोलिसांना बोलाव. त्यांना सांग, बासष्ट वर्षांची बाई पिशवीत शाळा घालून पळाली."

कुणी हसलं नाही. मोशुम एडविन मागं भिंतीशी बसले होते, ते हसले.

आता गावात अर्धे लोक माझ्याशी बोलत नाहीत. दुकानात बाया पाठ फिरवतात. म्हणतात, बहिणीसाठी सगळ्या जमातीचं नुकसान करायला निघाली. त्यांना म्हणू दे. पण एक वाक्य मला रात्रंदिवस टोचतं आहे. ती दुकानवाली आयरीन म्हणाली, "एवढी बहिणीची माया होती तर तेव्हा कुठं गेली होती?"

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
१० नोव्हेंबर

निसीमिस,

सोळा ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं की तुझा ठराव कुणी मांडला ते वहीत नाही. ते खरं आहे. पण कुणी मांडला ते मला माहीत आहे, आणि तुला माहीत नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा सरकारी एजंटला ते कळलंच नव्हतं. पाच वर्षं तुझं नाव यादीत तसंच होतं. तुझा नवरा पीटर लाकडाच्या गिरणीत मरण पावला आणि तू चार वर्षांच्या लेकीला, डॅरियाला, घेऊन आईकडं परत आलीस, तेव्हाही एजंटला काही ठाऊक नव्हतं. त्याला मी सांगितलं. लग्नाच्या दाखल्याची नक्कल मी पाठवली. मंडळापुढं विषयही मीच काढला. पाच पुरुष टेबलाशी बसले होते, त्यांना हा विषय नको होता. म्हातारा कॉर्बेट म्हणाला, राहू दे गं, पोरीचा नवरा मेलाय. मी त्यांना कायद्याचं पान काढून दाखवलं. कायदा सगळ्यांना सारखा, असं मी म्हटलं. मी तेहतीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की जे छापलेलं असतं ते बरोबर असतं.

हे निम्मं झालं. उरलेलं निम्मं असं की आई आजारी होती, घर दोन खोल्यांचं होतं, आणि आईनंतर ते कुणाला मिळणार याचा विचार माझ्या मनात होता. तो नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तू गेल्यावर आठ महिन्यांनी आई गेली. तेव्हापासून त्या घरात मी राहते. हे पत्र त्याच स्वयंपाकघरात लिहिते आहे.

आणि दारात उभं राहून तो ठराव तुला मोठ्यानं वाचून दाखवला तोही मीच. तेवढं तू पाहिलंस. तुला वाटलं असेल, नोकरीच आहे तिची, तिला वाचावा लागला. नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. पण आता मंडळाशी मी जी भांडते आहे ती बहिणीच्या मायेनं भांडते आहे, असा तुझा समज राहू नये. जे मी केलं ते मी मोडणार आहे. तू माझ्याशी बोललीस तरी, आणि नाही बोललीस तरी.

अ‍ॅडलेड


चोकचेरी लेक
१५ नोव्हेंबर

निसीमिस,

काल तीन विरुद्ध दोन मतांनी सदतीसही ठराव मागं घेतले गेले. हर्बनं शेवटी बाजू बदलली, का ते तो सांगत नाही. प्रत सोबत आहे. करारावर मी सही केली.

सुनावणी सोमवारी संध्याकाळी सात वाजता, नगर भवन, दुसरा मजला. यायचं की नाही, आणि आलीस तर काय बोलायचं, ते तुझं तू बघ.

अ‍ॅडलेड


ब्रॉडफर्ड
१९ नोव्हेंबर

निसीमिस,

तू आठ वाजून दहा मिनिटांच्या बससाठी निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नसणार. मी इथंच एका खानावळीत बसून लिहिते आहे. काल रात्री बर्फामुळे परतता आलं नाही.

पण आधी तू असतानाचंच लिहिते, कारण तू पुढं पाहत होतीस आणि मी मागच्या रांगेतून सगळं सभागृह पाहत होते.

क्रॉल बोलायला उभा राहिला आणि त्यानं नेहमीप्रमाणं सुरू केलं, की आमच्या शेजारच्या जोसेटबाई यांचंच उदाहरण घ्या. तेव्हा तू मागून म्हणालीस, "क्रॉल, बराच वेळ वापरलंत माझं नाव. आता मला लागणार आहे ते." लोक हसले. तो बसला. मला वाटलं, आता ही सही मागं घेणार.

तू घेतली नाहीस. तू परिषदेकडं पाठ केलीस आणि हर्बकडं वळलीस. असं तिथं कुणी करत नाही. महापौर म्हणाले, बाई, इकडं बघून बोला. तू म्हणालीस, "तुमच्याशी नंतर." मग हर्बला म्हणालीस, "मला हाकललं त्या दिवशी ठराव दारात उभं राहून मोठ्यानं वाचला होता. शेजारचे अंगणात येऊन ऐकत होते. मागं घेतलेला ठराव मात्र पाकिटातून आला. तोही मोठ्यानं वाचा. वाचणारीचं आता वय झालंय, तुम्ही वाचा, चीफ."

वाचणारी म्हणजे कोण, हे त्या सभागृहात दोघींनाच कळलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तरी मी उठून उभी राहिले असते. तयारी करून आले होते.

हर्ब वाचायला लागला. आधी पुटपुटत, मग नीट. सदतीस नावं. सातव्या का आठव्या नावाला गॅलरीत एक बाई उभी राहिली. तेव्हा मला कळलं की तू फोन करून त्यांना बोलावलं होतंस. सहा जणी आल्या होत्या. एक तर काठी टेकत आलेली. एक जण मेलीये, तिच्या नावाला तिची मुलगी उभी राहिली. महापौरांनी घड्याळाकडं बोट केलं, प्रत्येकाला तीनच मिनिटं असतात म्हणाले. त्यावर मिसेस डनलॉप म्हणाल्या, "माझी तीन मिनिटं त्यांना द्या." हर्बनं सगळी नावं वाचली.

मग तू चिटणिसाच्या टेबलाशी गेलीस, त्याचंच पेन मागून घेतलंस आणि एकतिसाव्या ओळीवर रेघ मारलीस. बाहेर जाताना माझ्या रांगेशी थांबलीस. मी दहा नोव्हेंबरच्या पत्राला जे काही उत्तर असेल ते ऐकायला मान वर केली.

तू म्हणालीस, "आईचा तो स्टोव्ह अजून धूर सोडतो का?"

मी म्हटलं, "चौऱ्याहत्तर साली बदलला."

"बरं केलंस," म्हणालीस, आणि गेलीस.

आता पुढचं. क्रॉलच्या बाजूनं आणखी चार जण बोलले. एकानं विचारलं, हे लोक आपल्यातच असं वागतात, तर आपल्याशी कसं वागतील? फ्रीसन पटकन उठायला लागले होते, पण हर्बनं त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतः उभा राहिला. त्याला पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हा चीफ आहे. तो म्हणाला, "हा कायदा आमच्यात कुणी आणला ते आधी तुम्ही शोधा. आणला तुम्ही. पाळला आम्ही, ती आमची लाज. आज आम्ही ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तुमच्या तळघरात कोणते ठराव आहेत, ते कधी वाचणार?" मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. करार मंजूर. मिसेस डनलॉप हो म्हणाल्या, आणि हो म्हणताना त्यांनी कुणाकडंही पाहिलं नाही.

आता ओटावाच्या सरकारचा शिक्का यायला दोन-तीन वर्षं जातील. पण शहरानं हो म्हटलं की बाकी सगळं कागद ढकलणं आहे, आणि ते आपण एकशे वीस वर्षं करत आलो आहोत.

बाहेर व्हरांड्यात हर्बनं मला बाजूला घेतलं. अगदी आदरानं म्हणाला, की मावशी, तुम्ही मंडळाला वेठीला धरलंत, ते मी विसरू शकत नाही, उद्या दुसरं कुणी धरेल. जमिनीचं काम आजपासून माझ्याकडे नाही. कचेरीच्या किल्ल्या मी तिथंच दिल्या. वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. चूक केली असंही लिहिणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही मला काढलं असतं.

तर आता कामाचं. करारातलं बारावं कलम वाच. प्रत सोबत आहे. जागेचा कारभार पाहायला चार जणांची समिती, दोन शहराचे, दोन आपले. आपल्या दोघांपैकी एक जण शाळेभोवतीच्या चार गल्ल्यांतच राहणारा पाहिजे. मुदत तीन वर्षं, आणि या मुदतीत समितीतल्या कुणालाही काढण्याचा अधिकार ना नगर परिषदेला, ना आपल्या मंडळाला. कोणत्याही ठरावानं. शेवटचं वाक्य मी आणि फ्रीसननी बारा नोव्हेंबरला घातलं. मी हर्बला सांगितलं होतं की बाराव्या कलमात भर घातली आहे, तो म्हणाला ठीक आहे, बघितलं. बघितलं नसेल. आता तो बदल करायला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतील, आणि शहर एकदा झालेला करार पुन्हा उघडत नाही. चौदा महिने मी त्यांच्याशी भांडले आहे, मला विचार.

आपल्या यादीतली, त्या चार गल्ल्यांत राहणारी माणसं किती, ते मी मोजलं. तीन. एक सतरा वर्षांचा आहे. दुसऱ्याला सभेत झोप लागते आणि तो घोरतो. शहराच्या बाजूनं क्रॉलचं नाव पक्कं आहे, ते मला कालच कळलं.

हर्ब तुझ्याकडे येईल. मी त्याला बजावलं आहे की स्वतः जा. नाही म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर नाही म्हण. माझ्यासाठी हो म्हणू नकोस. मी ते कलम तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. त्या खुर्चीवर जी कुणी बसेल तिला कुणी दारात उभं राहून कागद वाचून दाखवू नये, म्हणून लिहिलं आहे. पण समोर क्रॉल बसला असताना तू आपली खुर्ची रिकामी राहू देशील, हे मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही.

घराचं बोलायचं राहिलं आहे. ते पत्रात बोलणार नाही.

पहिली बैठक नऊ जानेवारीला, शाळेच्या व्यायामशाळेत. हीटर बंद आहे. कोट घालून जा आणि पहिल्याच विषयात तो सुरू करून घे.

तुझी
अ‍ॅडलेड